नर्मदा परिक्रमा पायी: पाच जणांनी एकत्र चालावं का?

सातपुडा_वाट

नर्मदे हर.

येत्या कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून नर्मदेची पायी परिक्रमा, म्हणजे नदी न ओलांडता दोन्ही काठांनी पूर्ण प्रदक्षिणा, उचलायचं ठरतंय. आम्ही पाच जण आहोत: दोन जोडपी आणि एक मित्र, वयं ५२ ते ६४. पंढरीची वारी सगळ्यांची झाली आहे, त्यामुळे सलग अठरा-वीस दिवस चालायची सवय आहे. पण वारीत दिंडी असते, सामान ट्रकमध्ये असतं आणि पंगत ठरलेली असते. इथे पाठीवरचं ओझं आपलं आणि रात्रीचा मुक्कामही आपणच शोधायचा.

मुख्य प्रश्न सोबतीचा आहे. पाच जणांनी शेवटपर्यंत एकत्र चालणं जमतं का? वाटेत भेटणाऱ्या इतर परिक्रमावासींबरोबर चालावं का, आणि चालावं तर कितपत? एखादा आजारी पडला तर बाकीच्यांनी काय करायचं? शूलपाणीची झाडी (बडवानीपुढचं डोंगराळ जंगल) आणि नर्मदेच्या मुखाशी समुद्रातून पलीकडच्या काठाला नेणारी नाव या दोन टप्प्यांबद्दलही सविस्तर सांगा. ग्रंथांतलं माहात्म्य वाचलं आहे, प्रत्यक्ष व्यवहाराचं हवं आहे.

गोमुखघाट

नर्मदे हर.

पाच जणांनी एकत्र निघायला हरकत नाही. रोज पाचांनी एकत्र चालायचं आणि एकत्रच मुक्कामाला पोचायचं, असा नियम मात्र करू नका. जथे याच नियमावर मोडतात, आणि मोडताना मनं दुखावून मोडतात.

आधी आश्रमाचा हिशोब समजून घ्या. मुक्कामी गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "कितने मूर्ति?" परिक्रमावासीला तिथे मूर्ती म्हणतात, आणि मूर्ती मोजून कणीक मळली जाते. दोन मूर्ती कुठल्याही ओसरीवर, मंदिराच्या सभामंडपात, अगदी एखाद्या शेतकऱ्याच्या पडवीतही सामावतात. पाच मूर्ती अंधार पडल्यावर आल्या तर विझलेली चूल पुन्हा पेटवावी लागते. गरीब गावातली मंडळी नाही म्हणत नाहीत, पण त्यांच्या डब्यातलं पीठ आपण संपवतो याचं भान हवं. म्हणून दोन आणि तीन असे दोन गट करा. दोन्ही गटांत साधारण एका मुक्कामाचं किंवा निदान दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, आणि मोठ्या ठिकाणी, जिथे शंभरेक माणसांची सोय असते, तिथे एकत्र या.

दुपारी चारच्या आत मुक्कामाला पोचा. थंडीत साडेपाच-सहाला दिवस मावळतो. चार वाजता पोचलं की आंघोळ, कपडे धुणं, बाटलीत सोबत घेतलेल्या नर्मदाजलाची, म्हणजे मैयाची, पूजा-आरती आणि आसन (अंथरूण) लावणं उजेडात होतं. सकाळी सहा-साडेसहाला निघालात, बालभोगाला (सकाळच्या न्याहारीला) अर्धा तास आणि दुपारी दीड तास धरलात, तरी २० ते २२ किलोमीटर आरामात होतात.

आता दिवसांचं गणित. नदीची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही काठ मिळून २६०० च्या वर जातात, आणि धरणांच्या फुगवट्यामुळे पडणारे वळसे धरले तर ३००० च्या पुढे. रोजचे २० धरले तर १५० दिवस, शिवाय विश्रांतीचे पंधरा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला निघालात तर एप्रिलच्या मध्यावर पोचता. शेवटचा टप्पा दक्षिण काठाचा, नर्मदापुरम, हरदा असा, आणि एप्रिलमध्ये तिथलं ऊन चाळिशी ओलांडतं. त्यामुळे निघायला डिसेंबर उजाडू देऊ नका. चातुर्मासात चालत नाहीत, हा नियम पावसापाण्याचा विचार करूनच झालेला आहे.

संकल्पाबद्दल एक गोष्ट आधीच ठरवा. ओंकारेश्वरच्या गोमुख घाटावर गुरुजींना सांगा की प्रत्येकाचा संकल्प वेगळा हवा. जोडप्यांनी हवा तर सपत्नीक एक करावा. जलाची बाटलीही प्रत्येकाची किंवा प्रत्येक जोडप्याची स्वतंत्र. पाचांची मिळून एकच बाटली असली की ती ज्याच्या झोळीत, त्याच्या मागे बाकीचे बांधले जातात. संकल्पाआधी ओंकारेश्वराचं दर्शन घेऊन या. मंदिर बेटावर आहे आणि एकदा परिक्रमा उचलली की पाणी ओलांडून तिथे जाता येत नाही. शेवटी जल वाहायलाच जायचं. नोंदणीचं प्रमाणपत्रही निघण्याआधी ओंकारेश्वरलाच करून घ्या. आधार कार्डाच्या प्रती आणि चार-पाच फोटो जवळ असू द्या. वाटेत आश्रमात त्यावर शिक्के मिळतात, आणि नव्या गावात ओळख पटवायला हाच कागद दाखवता येतो.

चालताना मैया उजव्या हाताला. नकाशा फोनवर लावलात तर हे विसरू नका की त्याला परिक्रमा कळत नाही. जवळचा रस्ता म्हणून तो बिनदिक्कत पुलावरून पलीकडच्या काठाला नेतो. ओंकारेश्वरजवळच्या मोरटक्क्याच्या पुलापासूनच ही सावधगिरी लागते. उपनद्या ओलांडायला हरकत नाही, त्या होडीने ओलांडल्या तरी चालतं.

झाडीपाडा

शूलपाणीबद्दल लिहितो.

ओंकारेश्वर ते बडवानी साधारण आठ-दहा दिवस. वाट सपाट आहे, निमाडातली केळी-कापसाची शेतं, काठाने मळलेली पायवाट. याच टप्प्यात रावेरखेडीला पहिल्या बाजीराव पेशव्यांची समाधी लागते. १७४० साली ते तिथेच वारले. मराठी माणसं इथे हमखास थांबतात आणि तुमची पहिली मोठी ओळखपाळख बहुधा इथेच होईल.

अडचण अशी की पाय अजून तयार झालेले नसतात, आणि सगळ्यात अवघड डोंगर नेमके तेव्हाच समोर येतात. पहिल्या आठवड्यात जोमाजोमाने तीस-तीस किलोमीटर ओढणारे लोक झाडीत गुडघे धरून बसतात. बडवानीला एक पूर्ण दिवस थांबा. फोड, नखं, बूट बघा. बँकेचं, औषधांचं काम उरका. पुढे बरेच दिवस यातलं काही मिळणार नाही.

जुनी काठाची वाट आता नाही. सरदार सरोवराची पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटर, आणि २०१९ पासून पाणी तिथवर चढतं. राजघाटाचा जुना परिसर, काठावरची मंदिरं, पायवाटा पाण्याखाली गेल्या. आताची झाडीची वाट सातपुड्याच्या धारेवरून जाते. घोंगसा, भादल असं करत ती महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यात खापरमाळेकडे उतरते आणि पुढे गुजरातेत माथासर, कणजी, झरवाणी करत गोरा गावाला निघते. सहा ते आठ दिवस धरा. ज्यांना चढ झेपत नाही ते बडवानीहून खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा, डेडियापाडा या डांबरी रस्त्याने राजपीपल्याला जातात. ती वाट लांब आहे पण बिनधोक आहे, आणि त्या वाटेने गेल्याने परिक्रमा कमी होत नाही. तुमच्या पाचांत कुणाचे गुडघे दुखरे असतील तर बडवानीलाच मोकळेपणाने बोला. गट इथे फुटला तरी राजपीपल्याला पुन्हा भेटता येतं.

झाडीत मात्र एकट्याने शिरू नका. लुटीच्या भीतीने नाही. पूर्वी तिथे परिक्रमावासींकडचं सगळं काढून घ्यायची रीत होती. आता त्याच पाड्यांवर चहा, खिचडी आणि झोपायला जागा मिळते. एकटं न जाण्याचं कारण वेगळं आहे. तिथे फोनला रेंज नसते, चढ निसरडे आहेत आणि पाय मुरगळला तर पुढच्या पाड्यावर निरोप न्यायला दुसरं माणूस लागतं. तीन ते पाच जण उत्तम. बडवानीला दोन दिवस आगेमागे आलेले परिक्रमावासी भेटतात, तिथे जोडी जमवता येते.

प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, मिठाची पुडी आणि टॉर्च. पाड्यावरची भाषा पावरी-भिली. "मामा" म्हणून हाक मारा, वाट विचारा, आणि दोघांना विचारा. मोटारसायकलवरचा पोरगा गाडीरस्ता सांगतो, तर गुरं राखणारा पायवाट. अंतर "थोडंच आहे" असं सांगितलं तर किती वेळ लागेल ते विचारा, आणि त्यांच्या एका तासाचे आपले दोन धरा. लहान मुलांना चॉकलेटं-बिस्किटं वाटत जाऊ नका, कागदांचा कचरा आणि मागायची सवय दोन्ही मागे राहतात. वह्या-पेन्सिली द्यायच्या तर शाळेत गुरुजींच्या हाती द्या.

ओहोटी

समुद्राचा टप्पा: दक्षिण काठाने अंकलेश्वर-हांसोटच्या बाजूला विमलेश्वर, कठपोर. तिथून नावेने खाडीच्या तोंडाशी समुद्रातून उत्तर काठाला मिठी तलाईला उतरतात. याला रत्नसागर म्हणतात. साधारण तीन-चार तासांचा प्रवास.

नाव सुटते भरतीवर. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, म्हणून "सकाळची नाव" असं काही नसतं, मध्यरात्रीही उठवतात. पोचल्यापोचल्या नोंद करा आणि पुढच्या नावेची वेळ तिथेच विचारा. गर्दी असेल तर एक-दोन दिवस थांबावं लागतं, त्याची मनाची तयारी ठेवा. चढता-उतरताना चिखल असतो, कधी पोटरीपर्यंत. बूट काढून गळ्यात अडकवा, पायजमा वर खोचा, झोळी आतून प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत बांधा. उलटीचा त्रास असेल तर गोळी अर्धा तास आधी. वयस्कर माणसं नावेच्या मध्यभागी, काठावर नको. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घाला. नाव जास्तच भरलेली दिसली तर पुढची घ्या. बाटलीतलं थोडं जल सागराला वाहून तिथलं थोडं बाटलीत घेतात, ते नाव स्थिर असताना आणि बसूनच करा.

आता सोबतीच्या दृष्टीने जे महत्त्वाचं आहे ते. नाव हे सगळ्या परिक्रमावासींना एकत्र आणणारं ठिकाण आहे. चार-पाच दिवसांच्या अंतराने चालणारे लोक कठपोरला साचतात आणि एकाच वेळी पलीकडे उतरतात. परिणामी मिठी तलाईपासून भरूचपर्यंतच्या दोन-तीन मुक्कामांवर एकदम झुंबड उडते, झोपायला जागा नाही, न्हाणीघरापुढे रांगा. उपाय सोपा आहे. उतरल्या दिवशी सगळे पुढे पळतात, तुम्ही तिथेच एक दिवस थांबा किंवा दुसऱ्या दिवशी अर्ध्याच पल्ल्यावर मुक्काम करा. भडभूत, भरूच, शुक्लतीर्थ करत नारेश्वरपर्यंत गर्दी आपोआप पांगते. गरुडेश्वरला टेंबे स्वामींची, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींची समाधी आहे. मराठी परिक्रमावासी तिथे रेंगाळतात, तेव्हा पुढेमागे झालेल्यांना गाठायला ही जागा ठरवून ठेवता येते.

सातपुडा_वाट

फार उपयोगाचं लिहिलंत सगळ्यांनी. दोन उपप्रश्न. एक, रोज वेगवेगळ्या चालीने चालायचं तर चुकामूक होऊ नये म्हणून काय ठरवावं? दोन, कुणी आजारी पडून मागे राहिलं किंवा घरी परतलं तर त्याच्या परिक्रमेचं काय?

गोमुखघाट

चुकामुकीसाठी सकाळी निघतानाच दोन नावं ठरवा: आजचा मुक्काम आणि त्याच्या पाच-सात किलोमीटर अलीकडचा पर्यायी मुक्काम. दुपारी तीनला जो जिथे असेल त्याने ठरवायचं, पुढचा गाठतो की अलीकडे थांबतो. पुढे गेलेल्याने मागे यायचं नाही आणि मागे राहिलेल्याने अंधारात चालायचं नाही. निरोप फोनने गेला तर उत्तमच. नाही गेला तर समोरून येणाऱ्या गावकऱ्याजवळ द्यावा, किंवा आश्रमाच्या नोंदवहीत नाव आणि पुढचा मुक्काम लिहून जावा. नोंदवही जवळपास सगळीकडे असते, मागच्या माणसाने पहिल्यांदा ती उघडायची.

फाट्यावर मात्र थांबायचंच. वाट दोन बाजूंना फुटते तिथे पुढच्याने मागचा दृष्टीस पडेपर्यंत उभं राहायचं. काठाची पायवाट बरेचदा एखाद्या नाल्याच्या किंवा उपनदीच्या संगमाशी संपते, समोर उभा चिखलाचा कडा, आणि दोन-तीन किलोमीटर मागे फिरावं लागतं. पुढचा परत फिरला आणि मागचा तोवर गाडीरस्त्याला लागला की दिवसभराची चुकामूक.

आजारपणात रुग्णालय शक्यतो त्याच काठाचं निवडा. दक्षिण काठाला बडवानी, राजपीपला, अंकलेश्वर, नरसिंहपूर, नर्मदापुरम, हरदा. उत्तरेला भरूच, बडवाह, जबलपूर. ही यादी खिशात ठेवा. जिवावर बेतलं तर काठ बघायचा नाही, जे जवळ असेल तिथे न्यायचं. गाडीने न्यावं लागलं तर जिथून उचललं ती जागा लिहून ठेवतात आणि बरं वाटल्यावर तिथूनच पाऊल टाकतात. घरी परतावं लागलं तर जलाची बाटली देवघरात ठेवून पुढच्या हंगामात त्याच जागेपासून पुढे चालणारे पुष्कळ आहेत. संकल्प वेगळे असले की अशा वेळी बाकीच्यांचं अडत नाही. जोडप्यांनी मात्र आधीच बोलून ठेवावं, एक थांबलं तर दुसऱ्याने चालत राहायचं का. ही चर्चा घरी करायची, ताप चढल्यावर आश्रमाच्या ओसरीवर नाही.

तळपाय

वारीचा सराव आहे हे चांगलं, पण वारीत पाठीवर ओझं नसतं. तयारी झोळीसकट करा. दोन महिने आधीपासून आठवड्यातून तीनदा दहा किलोमीटर, शेवटच्या महिन्यात सलग दोन दिवस वीस-वीस, भरलेली झोळी पाठीला.

ओझं पाण्याशिवाय सहा-सात किलो, महिलांनी पाच. एक जोड अंगावर, एक झोळीत, तिसरा नको. पातळ सतरंजी, हलकी स्लीपिंग बॅग, एक शाल, कानटोपी. ताट-वाटी-पेला प्रत्येकाचा. काठी. पाचांत मिळून एकच: औषधांची पेटी, सुई-दोरा, पाच मीटर दोरी, नखं कापायचं, चार्जिंगचा बहुतोंडी प्लग. सदावर्त मिळालं, म्हणजे कोरडा शिधा, तर शिजवायला एक पातेलं लागतं. माणशी पाव किलो कणीक धरली की टिक्कड (जाड रोट्या) पुरतात. पातेलं एकाच्या झोळीत असतं आणि तो पुढे निघून गेला की बाकीचे उपाशी, म्हणून दोन गट केलेत तर पातेली दोन.

बूट एक नंबर मोठे घ्या. रोज चालून पाय सुजतात, उतारावर बोटं पुढे आपटतात आणि नखं काळी पडतात. साधारण हजार-बाराशे किलोमीटरला तळ झिजतो. दुसरा जोड घरी तयार ठेवून भरूच किंवा जबलपूरच्या पत्त्यावर मागवता येतो. मोजे दोन थरांचे: आत पातळ, बाहेर जाड. फोड हा ओल आणि घर्षण यांनी येतो. टाच गरम वाटली की तिथल्या तिथे थांबा, मोजा काढा, कोरडं करा, कागदी चिकटपट्टी लावा. दहा मिनिटांचा आळस केला की तीन दिवस लंगडावं लागतं. फोड मोठा झाला तर उकळलेल्या सुईने कडेला भोक पाडून पाणी काढा. वरची कातडी ओढू नका. मांड्या घासत असतील तर सकाळीच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन. मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री तळवा दुसऱ्याकडून बघून घ्यावा, त्यांना फोड कळत नाही.

मंडला, डिंडोरी, अमरकंटक हा पट्टा बहुतेक जानेवारीच्या शेवटी ते फेब्रुवारीत लागेल. पहाटे हाड गोठवणारी थंडी असते, उघड्या सभामंडपात झोपू नका. अमरकंटकला वळसा माई की बगियाकडून घ्यायचा, म्हणजे उगमाचं पाणी ओलांडलं जात नाही.

ओसरी

वाटेतल्या सोबतीबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही, म्हणून थोडं.

पहिल्या आठ-दहा दिवसांत तुमच्या चालीची माणसं आपोआप ओळखीची होतात, कारण रोज संध्याकाळी तीच ओसरीवर दिसतात. कोण किती किलोमीटर चालतो, कधी उठतो, रात्री किती बोलतो, हे दोन-तीन मुक्कामांत कळतं. मगच पुढचा मुक्काम एकत्र ठरवा, आणि तोही एका दिवसापुरता. "शेवटपर्यंत एकत्र जाऊ" असा शब्द कुणालाही देऊ नका. शब्द दिल्यावर मागे राहणाऱ्याला वाटतं आपण टाकलो गेलो. निरोप घ्यायचा तर स्पष्ट आणि प्रेमाने: उद्या आम्ही लवकर निघतो, नर्मदे हर. परिक्रमेत यात अपमान कुणी मानत नाही.

कुणी मौनात चालतो, कुणी जप करत. त्याच्याशी गप्पा मारायला जाऊ नका, लांबून नमस्कार पुरे. साधूंना पूर्वायुष्य, जात, घरदार विचारू नका. तुमचीही माहिती बेताची सांगा. रोकड किती, मुक्कामी कोण येणार, घरी कोण एकटं आहे, हे नको. रोकड लहान नोटांत, दोन ठिकाणी. कुणी उसने मागितले तर पैसे न देता जेवण, औषध, बसचं तिकीट असं द्या. फोन चार्जिंगला लावून आंघोळीला जाऊ नका, पाचांतला एक सामानाशी बसलेला हवा.

ताईंसाठी: आश्रमात पोचल्यावर आधी तिथल्या बाईमाणसांना भेटा, झोपायची जागा त्यांच्याजवळ किंवा आतल्या खोलीत मागून घ्या. ही मागणी कुणाला खटकत नाही. शौचाची सोय उजेडातच बघून ठेवा. काही पारंपरिक ठिकाणी पाळीच्या दिवसांत स्वयंपाकघर आणि पूजा यांबद्दल नियम असतात. जिथे अवघड वाटेल तिथे धर्मशाळेत राहणं सोपं पडतं. घाटावर आंघोळीला दोघींनी मिळून जा आणि गुडघ्याच्या वर पाण्यात शिरू नका. तसा नियमच आहे, आणि धरणांतून पाणी सोडलं की काठाची पातळी बघता बघता वाढते.

शेवटचं आश्रमाबद्दल. जेवण, मुक्काम फुकट असतो, पण जमेल तसं दानपेटीत टाका. त्याहून जास्त गरज हातांची असते. पाच जण आलात तर दोघे भाजी चिरायला, एक झाडू मारायला, दोघे भांड्यांना. सकाळी निघताना आसनाची जागा झाडून, पाण्याची टाकी किंवा हंडा भरून जा. मागून येणारी मूर्ती थकून आलेली असते, तिला पहिल्यांदा पाणीच लागतं.

सातपुडा_वाट

दोन आणि तीन असे गट आज ठरवले. संकल्प स्वतंत्र, पातेली दोन, भेटीची ठिकाणं राजपीपला आणि गरुडेश्वर. झाडीची वाट की शहाद्याचा रस्ता, ते बडवानीला गुडघे बघून ठरवू. नर्मदे हर.